शरयूला ताबडतोब पाठवा

जालना स्टेशनचे तारबाबू वामनराव यांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. कुंडलिकेला पूर आला की काठावर जाऊन घटकाभर उभं राहायचं, एवढाच त्यांचा मोठ्या पाण्याशी संबंध. पण बंगालच्या उपसागराविषयी त्यांच्याइतकं बोलणारा माणूस नव्या जालन्यात दुसरा नव्हता, आणि त्यांचं ऐकून घेणारा तर एकही नव्हता.

त्यांना हा नाद लागला तारेमुळे. पावसाळा सरता सरता त्या समुद्रात तुफानं उठत. हवामानखात्याच्या इशाऱ्याच्या तारा रेल्वेला येत, म्हणजे पूल आणि भराव यांच्यावर माणसं नजर ठेवतील. त्या तारा वामनरावांच्या यंत्रातून कट्ट-कड-कट्ट करत पुढे जात. इतर तारबाबू त्या कानाआड करत. वामनरावांनी मात्र शाळेच्या जुन्या नकाशातलं एक पान टेबलावर चिकटवलं, त्यावर आडव्या-उभ्या रेघा आखल्या, आणि तुफान जिथे असेल तिथे उडदाचा एक दाणा ठेवायला सुरुवात केली. नवी तार आली की दाणा पुढे सरके. रोज किती सरकला ते दोऱ्यानं मोजायचं आणि कुठल्या दिवशी कुठल्या गावी धडकेल ते सांगायचं. दहा वर्षांत त्यांचा अंदाज दोनदाच चुकला होता.

"बाबू, आज तुमचा उडीद कुठवर आला?" सांधेवाला रामकिसन रोज विचारायचा. रामकिसन थट्टा करायचा, पण निदान विचारायचा तरी.

वामनरावांना यात सुख होतं ते अंदाज बरोबर येण्याचं. पंधरवड्यानं वर्तमानपत्रात बातमी यायची, अमक्या किनाऱ्यावर इतकी घरं गेली, इतकी माणसं गेली. वामनराव चष्मा पुसून म्हणायचे, "बघा, मी गुरुवार म्हणलो होतो. गुरुवारच निघाला." मेलेल्या माणसांनी जणू त्यांचं गणित तपासून बरोबर अशी खूण केली होती. हा माणूस दुष्ट नव्हता. समुद्र चारशे मैलांवर असला की असं होतं.

मग त्याच समुद्राच्या काठी त्यांनी आपली एकुलती एक मुलगी दिली.

मछलीपट्टणच्या अलीकडे खाडीवर मिठागरांचं एक छोटं गाव होतं. तिथे पाच पिढ्यांपासून राहिलेलं एक देशस्थ घर, दारात तेलुगू आणि चुलीपाशी मराठी बोलणारं. मुलगा भालचंद्र मिठागरावर सरकारी कारकून. घरात आईवडील आणि नऊ वर्षांची बहीण, रजनी. वडिलांना डोळ्यांनी कमी दिसायचं. स्थळ गिरिधरनं आणलं होतं, म्हणजे वामनरावांच्या धाकट्या भावानं. तो सिकंदराबादला रेल्वेत होता. वैशाखात शरयूचं लग्न जालन्याला झालं, आणि सगळं ठाकठीक चाललेलं असताना विहिणीच्या पंगतीत विहीणबाई मोठ्यानं म्हणाल्या, "तारबाबूंच्या घरचं वाढणं पण तारेसारखंच हो. शब्द मोजावेत तसं, मोजून मापून."

सगळी पंगत हसली. गिरिधर हसला. दुर्गाबाईसुद्धा, खुद्द वामनरावांची बायको, पदर तोंडाला लावून हसली. वामनराव हातात लाडवांचं ताट घेऊन उभे होते. विहीणबाई बोलून मोकळ्या झाल्या, दुसऱ्या मिनिटाला विसरल्याही असतील. वामनराव विसरले नाहीत. इतक्या लांबून आलेल्या वऱ्हाडाला तीन दिवस त्यांनी तळहातावर ठेवलं होतं, आणि त्याचं हे बक्षीस.

निजामाच्या राज्यातलं फसली सन तेराशे बेचाळीस नुकतं लागलं होतं, दिवाळी जवळ आली होती. लग्नानंतरची पहिली दिवाळी म्हणजे जावयाचा दिवाळसण. दोन्ही घरची रीत अशी, की मुलीच्या बापानं किंवा भावानं स्वतः जाऊन आमंत्रण द्यायचं. मग मुलगी येते, जावई येतो, आणि मुलीची पाठराखीण म्हणून तिची धाकटी नणंदही येते. शरयूला भाऊ नव्हता, म्हणजे वामनरावांनीच जायला हवं. ते जात नव्हते. शरयूचं पत्र आलं होतं: "रजनी रोज दिवस मोजते आहे. समुद्र नसलेलं गाव कसं असतं ते तिला बघायचं आहे. कुणी आलं नाही तर सासूबाई मला एकटीला पाठवणार नाहीत. नाना, तुम्हीच या." वामनरावांनी ते पत्र टेबलाच्या खणात टाकलं.

"तुम्ही कवा जाणार?" दुर्गाबाई विचारायची.

"आधी त्यांचं दोन ओळींचं पत्र येऊ दे. मंग बघू."

"लेकीचे आईबाप आपण हावोत. पत्र त्यांनी कशाला लिहायचं?"

"मोजून मापून लिहावं म्हणा. त्यांना जमतं बराबर."

मंगळवारी दुपारी तार आली. सोमवारी ज्याला नुसता हवेचा दाब कमी म्हटलं होतं, त्याचं तुफान झालं होतं. साडेबारा उत्तर, साडेशहाऐंशी पूर्व. वामनरावांनी दाणा ठेवला, दोरा लावला, आणि तोच दोरा तसाच पुढे ओढला. बुधवारी चौदा उत्तर. गुरुवारी संध्याकाळी सोळाच्या जवळ. दोरा जिथे संपला तिथे त्यांच्या बोटाखाली मछलीपट्टण होतं.

त्यांनी पुन्हा मोजलं. तीनदा मोजलं. आजवर गणित बरोबर यावं म्हणून देव पाण्यात ठेवणारा हा माणूस पहिल्यांदाच ते चुकावं म्हणून मोजत होता. शरयूनं श्रावणात लिहिलं होतं की इथे अंगणात उभं राहिलं की समुद्र घरापेक्षा उंच दिसतो. तेव्हा तिच्या बालबुद्धीला ते हसले होते.

काय करायचं ते उघड होतं. त्यांनी तारेचा कागद ओढला आणि लिहिलं: "मोठे तुफान येत आहे. सर्वांनी निघून या." लिहून झाल्यावर त्यांचा हात थांबला.

पहिली आडवी आली ती नोकरी. खात्याच्या तारेतला मजकूर बाहेर फोडायचा नाही हा नियम. पण नियमाचं हे नुसतं निमित्त होतं, हे वामनरावांनाही ठाऊक होतं. परतूरच्या व्यापारी मित्राला ते दरसाल बिनदिक्कत सांगत आले होते. खरी अडचण 'सर्वांनी' या शब्दात होती. सर्वांनी म्हणजे विहीणबाईंनी. म्हणजे आमंत्रणासाठी आपण जागचे हललो नाही आणि आता तारेनं बोलावणं. आणि उद्या तुफान वळलं तर? तुफानं वळतात. दोनदा वळलेली त्यांनी पाहिली होती. मग ती बाई त्यांच्याच ओसरीवर बसून साऱ्या जालन्याला सांगेल, की तारबाबूंनी उडदाच्या दाण्याला भिऊन आम्हाला दोन दिवसांची गाडी करायला लावली. पुन्हा सगळे हसतील. गिरिधरही हसेल.

त्यांनी कागद फाडला. दुसऱ्या कागदावर लिहिलं: "आई अत्यवस्थ. शरयूला ताबडतोब पाठवा."

ही तार बिनचूक होती. आई मरणाच्या दारात म्हटल्यावर कुठलंही सासर सून अडवत नाही. तिथे आमंत्रण लागत नाही, मानपान लागत नाही, आणि कुणापुढे मान खाली घालावी लागत नाही. वामनरावांनी ती स्वतःच्या हातानं पाठवली. पाठोपाठ सिकंदराबादला गिरिधरला दुसरी: शरयूला स्टेशनावर उतरवून घेऊन ये. जावयाची आई, बाप आणि ती पोर यांच्याबद्दल त्यांनी स्वतःला सांगितलं, की बंदरावर इशाऱ्याचा बावटा लागेलच, सरकार आहे, त्यांना कळेल. बावटा दरसाल लागतो आणि खाडीवरचे लोक त्याच्याकडे बघतही नाहीत, हे शरयूनंच लिहिलं होतं. ते त्यांना त्या वेळी आठवलं नाही, किंवा आठवू दिलं नाही.

बुधवारी दुपारी उत्तर आलं. शरयू निघाली, भालचंद्र बेजवाडा जंक्शनापर्यंत सोबत आहे. वामनरावांचा जीव भांड्यात पडला. घरी ते दुर्गाबाईला काही बोलले नाहीत. त्या दिवशी त्यांनी भाकरी मागून घेतली, ताक मागून घेतलं.

गुरुवारी सकाळी दाणा किनाऱ्यापासून बोटभर अंतरावर होता. रामकिसन नेहमीप्रमाणे डोकावला.

"बाबू, हे तर जमिनीला टेकलंच की! कोन्तं गाव हाय हे?"

"मछलीपट्टण."

रामकिसन हसायचा थांबला. "ताईचं सासर तिकडंच न्हाई का?"

"शरयू निघाली. उद्या पहाटे पोचते. मी तार केल्ती."

"लई चांगलं केलं. जल्दी केलं." तो चौकटीला टेकून उभा राहिला. आगगाडीचे रूळ बदलणारा माणूस तो. एक गाडी काढून दिली की दुसरी कुठे आहे हे विचारायची त्याला सवय होती. "मंग बाकीचे? ते कवा निघाले?"

वामनरावांनी दोरा गुंडाळला, पुन्हा सोडला. रामकिसन निघून गेला.

तो प्रश्न मात्र खोलीतच राहिला. अकरा वाजले, बारा वाजले. आता खरं कळवायचं म्हणजे मंगळवारचं खोटं होतं हे कळवायचं. वामनराव शब्द जुळवत बसले. असं काही लिहावं की इशारा पोचेल आणि आपण उघडे पडणार नाही. असे शब्द जगातल्या कुठल्याही भाषेत नव्हते, तरी त्यांनी त्यात चार तास घातले. दुपारी चारला एकदम उठून त्यांनी सरळ लिहिलं, "तुफान आज रात्री. घर सोडा." आणि यंत्रावर बसले.

बेजवाड्याचं उत्तर आलं, समुद्राकडची तार दुपारपासून बंद आहे.

शुक्रवारी पहाटे शरयू गिरिधरबरोबर उतरली. दोन रात्री रडून तिचे डोळे सुजले होते. "आई आहे ना?" तिनं विचारलं. वामनराव म्हणाले, "आहे, आहे, चल तू." टांगा दाराशी आला तेव्हा दुर्गाबाई अंगणात सडा टाकत होती. शरयूनं टांगा थांबायच्या आत उडी मारली. मायलेकी गळ्यात पडल्या, एक हसत होती, एक रडत होती, आणि दुर्गाबाईला काही कळत नव्हतं.

"अगं, मला काय झालं? मी चांगली ठणठणीत हाय!"

शरयू बापाकडे वळली. वामनरावांनी सगळं सांगितलं. दाणा, दोरा, गुरुवार. सांगताना त्यांचा आवाज हळूहळू चढत गेला, कारण गणित बरोबर आलं होतं आणि या वेळी ऐकणारं माणूस समोर होतं. पोरगी पाया पडेल, निदान नाना म्हणून बिलगेल, असं त्यांना वाटलं होतं.

"त्यांना कळवलं का?" शरयूनं विचारलं.

"केल्ती की तार. काल."

"काल कवा?"

"चारला. पण तिकडची लाइन..."

"मला मंगळवारी आणि त्यांना काल चारला?"

गिरिधर बूट न काढताच उभा होता, तो तसाच बाहेर गेला. शरयू आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. शनिवारी जालन्यात आभाळ भरून आलं, दिवसभर भुरभुर पडली. खळ्यावरची ज्वारी झाकायला लोकांची धांदल उडाली. तुफानाचं एवढंच शेपूट जालन्याच्या वाट्याला आलं.

नवव्या दिवशी भालचंद्रचं पत्र आलं. गुरुवारी रात्री समुद्र गावात शिरला. आई, वडील, रजनी, तिघंही गेले. घराचं नुसतं जोतं राहिलं आहे. शेवटी सासूविषयी लिहिलं होतं: "मामींची प्रकृती कशी आहे ती काळजी लागली आहे. शरयूवर एका वेळी दोन्हीकडून आभाळ कोसळू नये. दिवसकार्य उरकून तिकडे येतो."

दुर्गाबाईनं ते पत्र ऐकलं आणि देवापुढे जाऊन बसली, ती संध्याकाळपर्यंत उठली नाही. वामनरावांनी रात्री विषय काढला. जावई येईल त्या दिवशी तिनं अंथरुणावर पडून राहायचं. एका दिवसाचा प्रश्न. आता खरं सांगून मेलेली माणसं परत येणार आहेत का? पोरीचा संसार तेवढा उद्ध्वस्त होईल. तिच्यासाठीच तर हे सगळं केलं. दुर्गाबाईनं लेकीकडे पाहिलं. शरयूनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

दिवाळी दिव्यांशिवाय गेली. तिच्यानंतर चौथ्या दिवशी भालचंद्र आला. मुंडण केलेलं, हातात एक पिशवी. सामान म्हणून त्याच्याकडे दुसरं काही उरलंच नव्हतं. तो शरयूशी दोन शब्द बोलला आणि हातपाय धुऊन सरळ आतल्या खोलीत गेला. दुर्गाबाई गळ्यापर्यंत पांघरूण घेऊन पडली होती. तो तिच्या पायाशी बसला.

"मामी, बरं आहे आता?"

तिनं मान हलवली. वामनराव दारात उभे होते. इथपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे झालं.

भालचंद्रला बोलायचं होतं. पंधरा-वीस दिवस तो परक्या लोकांशी दारातल्या तेलुगूत बोलत होता, आता त्याच्यासमोर आईच्या वयाची एक बाई होती. "मी घरी असतो तर," तो म्हणाला, "आप्पांना दिसत नव्हतं. आईला एकटीला दोघांना नेणं झालं नसेल. कलेक्टरचा बंगला उंचावर आहे, फार लांबही नाही. मी शरयूला गाडीत बसवून दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं बेजवाड्याहून परत निघालो, तर वाटेत गाडी थांबली. रुळावर पाणी. मी डब्यात बसून होतो रात्रभर."

त्यानं पांघरुणाची चुणी सारखी केली.

"रजनी यायला निघाली होती," तो पुढे म्हणाला. "तुमच्याकडे. कापडं बांधून ठेवली होती तिनं दिवाळीची. तार आली तेव्हा म्हणाली, मी पण जाते, वहिनीच्या आईचे पाय चेपून देईन. मी रागावलो तिला. म्हटलं, आजारी माणसाच्या घरी पोरांचं काय काम? टांग्यामागं पळत आली ती वळणापर्यंत." त्यानं दुर्गाबाईच्या पायांवर हात ठेवला आणि त्याला रडू फुटलं. "ती तिसऱ्या दिवशी सापडली. मिठागरात."

दुर्गाबाईनं पांघरूण बाजूला केलं. ती उठून बसली, मग उभी राहिली. वामनरावांनी डोळ्यांनी खुणावलं, हातानं खुणावलं, तिनं तिकडे पाहिलंही नाही. ती दोन पायांवर सरळ चालत चुलीपाशी गेली, जाळ फुंकला, जावयासाठी तांदूळ धुऊन आधण ठेवलं आणि पाटा ओढून वाटण वाटायला बसली. धडधाकट बाई वाटते तसं, दणादणा.

भालचंद्र तिच्याकडे बघत राहिला. पाट्याचा आवाज साऱ्या घरात येत होता. त्यानं शरयूकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली नाही. सासऱ्याच्या उडदाच्या दाण्याची गोष्ट तिनंच त्याला कधीतरी हसत हसत सांगितली होती. मग तो वामनरावांकडे वळला.

"मामा, तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?"

वामनरावांच्या तोंडात दहा उत्तरं होती. नियम, नोकरी, बावटा, तुफानं वळतात.

"मंगळवारपासून," ते म्हणाले.

भालचंद्र ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं फक्त बोटांवर काहीतरी मोजलं. मंगळवार, बुधवार, गुरुवार. मग उठून पिशवी घेतली. दुर्गाबाई हातातलं वाटण तसंच टाकून आली, त्याच्या पायांशी बसली. तिला त्यानं उठवलं. "तुमचा दोष नाही, मामी," तो म्हणाला. शरयूला म्हणाला, "चल म्हणत नाही, राहा म्हणत नाही. मला घर नाही आता." शरयूनं ट्रंक आधीच भरून ठेवली होती. ती कधी भरली, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

वामनरावांची पाळी दुपारची होती. सिकंदराबादकडे जाणारी गाडी फलाटाला लागली, आणि तिच्यासाठी पुढच्या स्टेशनाला रस्ता मोकळा आहे का हे विचारायचं काम त्यांचंच होतं. ते यंत्रावर बसले. खिडकीतून त्यांना भालचंद्र दिसत होता, ट्रंक डब्यात चढवताना. रामकिसन हात लावायला गेला होता. परतताना तो तारघराच्या खिडकीवरून गेला तेव्हा त्यानं नेहमीचा प्रश्न विचारला नाही.

शरयू खिडकीशी आली. वामनराव अर्धवट उठले. पोरगी काहीतरी बोलेल, शिव्या दिल्या तरी चालेल, असं त्यांना वाटलं.

"नाना," ती म्हणाली, "तुम्ही मला वाचवलं, असं कुणाला सांगू नका."

ती गेली आणि डब्यात जाऊन बसली. यंत्र वाजायला लागलं होतं. पुढचा रस्ता मोकळा होता. गार्ड दारात येऊन उभा राहिला, "बाबू, काय म्हणतात?" आणि वामनरावांना त्याला सांगावं लागलं, की बराबर आहे, जाऊ द्या.